मालकांचा चेंडू डावीकडे जातो

खड्डेबाईंच्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं. नाकावरचा राग शिंकेसरशी उडून जातो. बाईंचा राग पोटात मुक्कामाला होता, तोही भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा, आणि त्याला बाहेर काढायची बाईंची इच्छाही नव्हती. कारण त्या रागावर त्यांचं काम चालायचं.

बाई गोल्फची मैदानं आखायच्या आणि बांधायच्या. हे काम नातेवाइकांना समजावून सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एका लग्नात त्यांच्या थोरल्या मामांनी ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" बाईंना भूक लागली होती. त्यांनी घाईघाईत सांगून टाकलं, "जमीन बघते, पाणी कुठे जाईल ते ठरवते, माती हलवते, वाळूचे खड्डे करते आणि शेवटी एक छोटं भोक पाडते." मामांनी घास तसाच हातात धरला आणि बाईंच्या आईकडे बघितलं. "एवढं शिकवलंस ते खड्डे खणायला?" सगळी पंगत हसली. त्या दिवसापासून त्या खड्डेबाई झाल्या. नाव घरातून निघालं आणि कसं कोण जाणे, कामावरच्या ड्रायव्हरांपर्यंत पोचलं. बाई आधी भडकल्या, मग त्यांनी ते नाव स्वतःच लावून घेतलं, म्हणजे दुसऱ्याला चिडवायला काही उरू नये.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. खोलीत मोठं टेबल, टेबलावर नकाशे, आणि नकाशांच्या मधोमध आईच्या स्वयंपाकघरातून उचललेली पितळी परात. त्या परातीत ओली वाळू. ज्या हिरवळीवर शेवटी भोक आणि निशाण असतं, तिला ग्रीन म्हणतात. तिचे चढउतार बाई आधी या परातीत बोटांनी करायच्या, मग पेलाभर पाणी वरून सोडायच्या आणि ते कुठे थांबतं, कुठे पळतं ते वाकून बघत बसायच्या. पाणी एका जागी साचलं की वाळू विस्कटून पहिल्यापासून सुरुवात. आई दर महिन्याला परात मागायची. दर महिन्याला बाई म्हणायच्या, "हे एवढं काम संपू दे."

या धंद्यात एक मेख आहे. काम चांगलं झालं की ते कुणी केलंय असं वाटतच नाही. लोक म्हणतात, "काय सुंदर जागा मिळाली हो!" टेकडी जणू तिथे होतीच, ओढा जणू आपल्या पायांनी चालत आला होता. काम वाईट झालं की मात्र लगेच विचारणा होते, कोणी आखलंय हे? आणि ज्यांना खेळता येत नाही त्यांना तर प्रत्येक मैदान वाईटच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण सगळे गमतीने वापरतो. बाईंचा धंदाच मुळी अंगण करायचा होता, त्यामुळे नाचता न येणाऱ्यांची तक्रार ऐकण्यात त्यांचा जन्म चालला होता.

पण त्या एका गोष्टीत कधीच चुकल्या नव्हत्या, आणि ती गोष्ट त्या कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी त्या डबा घेऊन एखाद्या सरावाच्या मैदानामागे घडीचं स्टूल टाकून बसायच्या आणि परक्या माणसांचे फटके बघायच्या. मोठ्या खेळाडूंचे नाही. "चॅम्पियनचा चेंडू कुठे जातो ते चॅम्पियनला माहीत असतं," त्या म्हणायच्या. "मला जनतेचा चेंडू बघायचाय." जनतेचा चेंडू आधी सरळ निघतो, अर्ध्या वाटेत त्याची मती फिरते आणि तो उजवीकडे वळतो. वकिलाचा वळतो, दुकानदाराचा वळतो, नव्या बुटांतल्या जावईबापूंचाही वळतो. म्हणून बाईंचा नियम ठरलेला. भिंत, रस्ता, शाळा, कुणाचं घर, जे काही मैदानाला लागून असेल ते खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवायचं. उजवीकडे फक्त आपलीच जमीन. डावखुऱ्यांचा चेंडू उलटा, डावीकडे वळतो, पण ते थोडे. त्यांच्यासाठी डाव्या अंगाला रुंद पट्टा मोकळा सोडला की झालं.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण एक डावखुरा मालक.

मालकांनी फरशांच्या धंद्यात पैसा केला होता. शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्यांच्या फरशा होत्या. फरशांसाठी ज्या जमिनीतून वर्षानुवर्षं माती काढली ती जमीन आता नुसती खाचखळग्यांची उरली होती, आणि तिथे गोल्फचं मैदान करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. एका बाजूला लांबलचक भिंत, भिंतीपलीकडे एक गल्ली. बैठी घरं, पत्र्याची छपरं, प्रत्येक दारापुढे हातभर अंगण. ज्यांनी पूर्वी त्या मातीत काम केलं, तीच माणसं तिथे राहत होती.

मालक वाईट माणूस नव्हता. हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडायला बाईंना जड गेलं नसतं. हा माणूस हसतमुख होता, घरच्यांची चौकशी करायचा, स्वतः उठून खुर्ची द्यायचा. फक्त त्याच्याभोवती जी मंडळी होती ती अशी, की मालक बोलले की माना हलल्याच. मॅनेजर होता, त्यांचा दातांचा डॉक्टर होता, दोन व्याही होते, एक निवृत्त अधिकारी होता. ही मंडळी वर्षानुवर्षं मालकांबरोबर दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत आली होती. मालकांनी फटका मारला की सगळे डावीकडे धावायचे, कारण मालकांचा चेंडू डावीकडे जायचा आणि तो शोधून देण्यात पुण्य होतं. स्वतःचे चेंडू मिळाले तर मिळाले.

बाईंच्या बाजूने या कामावर एकच माणूस होता, बुलडोझर चालवणारे मामा. खरे मामा नव्हेत. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. बाई आणि मामा इतकी वर्षं एकत्र काम करत होते की त्यांच्यात बोलणं फारसं उरलं नव्हतं. बाई लांबवर उभ्या राहून आपली काळी छत्री हलवायच्या. छत्री वर म्हणजे माती चढव, खाली म्हणजे उतरव, आडवी म्हणजे बस, हात लावू नकोस. मामा मशीनमधून मान बाहेर काढून छत्रीकडे बघायचे आणि तेवढीच माती हलायची. या कामापुरती मामांनी भिंतीपलीकडच्या गल्लीतच खोली घेतली होती. बरोबर सून आणि लहानगी नात होती. मुलगा दुसऱ्या शहरात कामाला होता. मालकांनी मामांना शब्द दिला होता, मैदान पुरं झालं की देखभालीवर कायमची नोकरी. आयुष्यभर तंबूत आणि भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या माणसाला उतारवयात यापेक्षा काय हवं?

एका होलची पट्टी म्हणजे एका टोकाला टी, जिथून पहिला फटका मारतात तो उंचवटा, आणि दुसऱ्या टोकाला ग्रीन. सातवं होल गल्लीच्या भिंतीला लागून होतं. बाईंनी ते नियमाने आखलं, भिंत डाव्या हाताला, मध्ये रुंद मोकळा पट्टा. मग त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि त्या काही दिवस गावाला गेल्या.

परत आल्या तर सातव्याच्या ग्रीनच्या जागी मातीचा चांगला पुरुषभर उंचवटा उभा होता.

"मामा, हा ढिगारा कसला?"

"टी आहे, बाई. सातव्याची."

"सातव्याची टी त्या टोकाला आहे."

"होती." मामांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली, परत घातली. "मालक आले होते. उलटं करा म्हणाले. तिकडून इकडे होतं ते इकडून तिकडे."

"आणि तुम्ही केलंत."

"मालक म्हणाले, बाईंशी बोलून घेतो."

"घेतलं?"

"मला वाटलं घेतलं असेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मामांना त्या उंचवट्यावर चढवलं, खेळणाऱ्यासारखं उभं केलं आणि विचारलं, "आता तुमचं घर कुठल्या हाताला आलं?"

मामांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. भिंतीपलीकडे त्यांच्याच अंगणातली दोरी दिसत होती, दोरीवर नातीचा पिवळा फ्रॉक वाळत होता.

"उजव्या," ते म्हणाले.

"आणि जनतेचा चेंडू?"

मामा कितीतरी वेळा बाईंबरोबर त्या सरावाच्या मैदानामागे बसले होते. त्यांना हे सांगायची गरज नव्हती. तरी ते हळूच बोलले, "उजवीकडे."

"मग माती ओढताना लक्ष कुठे होतं तुमचं?"

"मालकांकडे, बाई." मामांनी मान खाली घातली. "त्यांनी इथे उभं राहून चेंडू मारून दाखवले. सगळे डावीकडे गेले, आतल्या आत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." मग म्हणाले, "मी पण वाजवल्या."

बाईंना वाटलं, या माणसाला धरून गदागदा हलवावं. परका असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. हा घरचा माणूस, आणि याने स्वतःच्या नातीच्या डोक्यावर तोफ रोखून वर टाळ्या वाजवल्या! त्या तडक मालकांच्या पत्र्याच्या ऑफिसात गेल्या. चपलांना चिखल होता, तो मालकांच्या नव्याकोऱ्या फरशीवर उमटत गेला. बाईंनी पाय पुसले नाहीत.

"या, या, बाई!" मालक उठून उभे राहिले. "आईंचा डोळा कसा आहे? दिसायला लागलं ना?"

"दिसतंय. आईला सगळं दिसतंय."

"बसा. अहो, तुम्ही नसताना तुमची एक चूक पकडली मी." मालक इतक्या प्रेमाने बोलत होते की बाईंचे दात नुसते शिवशिवले. "तुमच्या आखणीप्रमाणे मी सातव्यावर चेंडू मारून बघितले. दोन भिंतीपलीकडे! पट्टा एवढा रुंद, तरी पलीकडे! मला रात्री झोप लागली नाही. गरिबांची वस्ती, लहान मुलं. एखाद्याच्या डोक्यात बसला म्हणजे? म्हणून उलटं करून घेतलं. आता माझा एकही बाहेर जात नाही."

"मालकांनी वेळेवर पाहिलं म्हणून," मॅनेजर म्हणाला.

"देवासारखं पाहिलं," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"मालक," बाई म्हणाल्या, "तुम्ही डावखुरे आहात."

"जन्मापासून!"

"म्हणून तुमचा चेंडू डावीकडे जातो. बाकी सगळ्यांचा उजवीकडे जातो. आता उजवीकडे गल्ली आहे."

मालकांनी नवल वाटून मंडळींकडे बघितलं. हा प्रश्न त्यांना आजवर कधी पडलाच नव्हता. "काय हो, तुमचा उजवीकडे जातो?"

"माझा तसा सरळच जातो, मालक," मॅनेजर म्हणाला.

"वाऱ्यावर असतं ते," डॉक्टर म्हणाले.

व्याह्यांपैकी एकाने आपला चेंडू जातच नाही असं सांगितलं, आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "चला," त्या म्हणाल्या, "मारून दाखवा."

सगळे टीवर गेले. मालक मागे हातांची घडी घालून उभे. बाईंनी काय बघितलं? एकेकाने मोठी काठी पिशवीत ठेवून छोटी काढली. एकेकाने तोंड डावीकडे वळवलं. मग ओल्या केरसुणीने झाडावं तसे अर्धेमुर्धे फटके. ते बापुडवाणे चेंडू गडगडत गेले आणि मालकांचे जुने चेंडू जिथे पडले होते त्याच बाजूला जाऊन बसले. राजा बोले दळ हाले म्हणतात. इथे राजा नुसता उभा होता आणि चेंडूसुद्धा त्याच्या कलाने जात होते.

"बघा!" मालक म्हणाले. त्यांना बाईंची मनापासून कीव आली होती. "चुकतो माणूस. आईंच्या काळजीत होतात तुम्ही. मनाला लावून घेऊ नका, नकाशावर फक्त सही करा."

"सही नाही करणार."

"मग दुसऱ्या कुणाची घेऊ." हे मालक धमकी म्हणून बोलले नाहीत. सह्या करणारे पुष्कळ मिळतात, एवढीच माहिती त्यांनी दिली. आणि ती खरी होती. बाईंना चालतं व्हायचा मोह झाला. काय मोठंसं होणार होतं? त्यांची फी मिळाली होती, पुढची कामं दारात होती. पण त्या गेल्या की दुसरा कोणीतरी येणार, सही करणार, गवत उगवणार, निशाणं लागणार आणि मग दर रविवारी त्या दोरीखाली, त्या पिवळ्या फ्रॉकवर चेंडू पडत राहणार. नुसतं नामानिराळं होऊन ते थांबणार नव्हतं. याचाच बाईंना सर्वांत जास्त राग आला. बरोबर असून थांबावं लागतं, विनवावं लागतं.

"तुम्हाला गल्लीची काळजी आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग गल्लीत येऊन बसा. रविवारी तुमची मंडळी इथून मारू देत, आणि तुम्ही माझ्याबरोबर मामांच्या दारात बसा. एकही चेंडू आला नाही, तर सही करीन आणि सगळ्यांसमोर तुमची माफी मागीन."

"आणि आला तर?"

"तर तुम्ही तिथे असालच."

मालकांना ही कल्पना फार आवडली. "बसतो की," ते म्हणाले.

रविवारी बाईंनी सकाळपासून गल्ली रिकामी करायला घेतली. गल्लीने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "तुमचे खेळ होतात आणि आमची धुणी राहतात," एक बाई कमरेवर बादली घेऊन कडाडली. "आमच्या दारातून आम्हालाच उठवता? आज एक दिवस म्हणता, उद्या कायमचं म्हणाल." खड्डेबाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. कारण ती बाई बरोबर बोलत होती. शेवटी सगळे कुरकुरत पलीकडच्या रस्त्यावर गेले. मामांची सून तेवढी घरात राहिली, नातीला पलंगावर बसवून. "पोरीला सोडून कुठे उन्हात फिरू?" ती म्हणाली. "दार लोटून बसते आत."

मामा टीजवळ मशीनपाशी थांबले होते. मालकांनी त्यांना तिथेच राहायला सांगितलं होतं, चेंडू कुठे पडतात ते बघायला.

मामांच्या दारावर सिमेंटचा छज्जा होता. त्याच्याखाली बाईंनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. समोर अंगण. कोपऱ्यात पत्र्याची मोरी, भिंतीला सीट नसलेली सायकल, मधोमध निळा टब, त्यात पाणी आणि पाण्यात तोंडावर पडलेली एक बाहुली. मालक ऐसपैस बसले. "छान हवा येते हो इथे," ते म्हणाले.

भिंतीपलीकडून मंडळींचे आवाज येत होते. आज ते वेगळेच होते. मोठे, मोकळे, मधूनच खदखदा हसणारे. बाईंनी मालकांकडे बघितलं. मालक कान देऊन ऐकत होते, कारण आपल्या माणसांना असं हसताना त्यांनी बहुधा कधी ऐकलं नव्हतं.

"काढ रे मोठी काठी!" दातांच्या डॉक्टरांचा आवाज आला. "आज मालक मागे उभे नाहीत. मार मोकळेपणाने!"

सट् असा आवाज झाला. मग काहीच नाही. मालक काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच मोरीच्या पत्र्यावर धाडकन गोळी सुटल्यासारखं झालं. मालक खुर्चीसकट मागे सरकले. पांढरा चेंडू पत्र्यावरून उसळला, सायकलवर आदळला आणि घरंगळत त्यांच्या बुटापाशी आला.

"कुठे गेला?" भिंतीपलीकडून कोणीतरी विचारलं.

"गेला तिकडे. दुसरा घे."

बाई पुढे आयुष्यात दुसरं काही विसरल्या असतील, पण यातले शेवटचे दोन शब्द कधी विसरल्या नाहीत. कोणी कुणाला ओरडून सावध केलं नाही. भिंतीपलीकडे घरं आहेत, हे ठाऊक नव्हतं असंही नाही. दुसरा घे. चेंडू पुष्कळ होते.

दुसरा शेजारच्या छपरावर वाजला. तिसरा थेट टबात पडला, पाणी उडून मालकांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. लोटलेलं दार किलकिलं झालं आणि मामांची नात फटीतून बाहेर सुटली. तिला वाटलं, हा कसला तरी खेळच चाललाय. "मला! मला!" करत ती टबाकडे धावली. बाई उठेपर्यंत सुनेने मागून झडप घातली, हाताला आला तो पिवळा फ्रॉक धरून पोरीला ओढलं, दोघी उंबऱ्यावर कोसळल्या. त्याच वेळी पुढचा चेंडू दोरीच्या खांबाला लागून अंगणात आपटला. पोरगी रडायला लागली, लागलं म्हणून नाही, चेंडू मिळाला नाही म्हणून.

मालकांनी खिशातून फोन काढून मॅनेजरला लावला. आवाज बाईंनाही ऐकू आला. "एकदम झकास, मालक!" मॅनेजर सांगत होता. "सगळे सरळ जातायत, सगळे सरळ!"

"थांबवा," मालक म्हणाले. "आत्ता थांबवा."

मग ते त्या पोरीकडे बघत बसले. सून तिला पोटाशी धरून उंबऱ्यावरच बसली होती आणि मालकांकडे बघत होती.

"मला कुणी सांगितलंच नाही," मालक शेवटी म्हणाले.

आता मात्र बाईंच्या पोटातला तो जुना भाडेकरू बाहेर पडला. "मी सांगितलं! तुमच्या ऑफिसात, तुमच्या फरशीवर उभं राहून सांगितलं! इतकी वर्षं या लोकांबरोबर खेळताय, त्यांचा चेंडू कुठे जातो हे एकदाही बघावंसं वाटलं नाही तुम्हाला? एकदाही?"

मालकांनी खरोखर आठवून बघितलं. "माझा शोधण्यातच वेळ जायचा," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

मालकांनी विजार झटकली, ते उठले, हळूहळू त्यांचा चेहरा पूर्ववत झाला. "काढू यातून मार्ग," ते म्हणाले. "उंच जाळी लावू. आत्ता लगेच नको, उद्घाटनाची पत्रिका छापून झाली आहे, जाळीने शोभा जाते. उद्घाटन होऊ दे. तोवर या लोकांना सांगू, रविवारी जरा आत बसा. वाटल्यास हेल्मेटं वाटू. चांगल्या प्रतीची."

बाईंनी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "धुणं पण हेल्मेट घालून वाळत घालू का?"

मालक तिला काही उत्तर देणार तोच भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं.

बाईंनी तो आवाज झोपेतही ओळखला असता. त्या भिंतीतल्या लोखंडी फाटकातून आत धावल्या, मागून मालक. मामांनी बुलडोझरचं पातं खाली टेकवलं होतं आणि ते सरळ टीवर चालून येत होते. डॉक्टर, व्याही आणि अधिकारी पिशव्या, काठ्या टाकून वाट मिळेल तिकडे पळत होते. मामांना उंचवट्यावर उभं राहिल्यावर काय दिसलं असेल ते बाईंना सांगायला नको होतं. तिथून दोरी दिसत होती, खांब दिसत होता, आणि पिवळा फ्रॉक ओढला गेला तोही दिसला असणार.

पातं उंचवट्यात घुसलं. अर्धी टी वर अंथरलेल्या हिरव्या मॅटसकट पुढे ढकलली गेली. मशीन मागे आलं, परत घुसलं. मॅनेजर बाजूने धावत ओरडत होता, "मालकांना विचारलंत का? अहो, मालकांना विचारलंत का?"

मालक येऊन उभे राहिले. त्यांनी आपला डावा हात वर केला. या हाताने आजवर त्या जमिनीवरचं काहीही थांबत आलं होतं. कायमची नोकरी त्या हातात होती, मामांच्या म्हातारपणाची भाकरी त्या हातात होती, हे बाईंना माहीत होतं आणि मामांना तर होतंच. सगळी मंडळी मालकांच्या हाताकडे बघत राहिली.

टीच्या जागी आता खड्डा पडायला लागला होता. मामा रागात खोल चालले होते, आणि एका बाजूला उतार उलटा होत होता. पहिल्या पावसात तिथे तळं झालं असतं. राग आपल्या जागी, पण हे बाईंना बघवेना. त्यांनी छत्री उचलली आणि डोक्यावर धरली.

"मामा!" त्या ओरडल्या. "पाणी साचेल!"

मामांनी मशीनमधून मान बाहेर काढली. एका बाजूला मालक हात वर करून उभे होते, दुसऱ्या बाजूला बाई छत्री वर धरून. मामांनी छत्रीकडे बघितलं, पातं थोडं वर घेतलं आणि मशीन पुढे नेलं.